आईविना पिल्लांच्या पोटात

१९७१ साली फिनलंडमधल्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या कळपांत साल्मोनेला इन्फँटिस नावाचा जंतू पसरला. खाद्याच्या दूषित कच्च्या मालातून तो आला होता. कोंबड्या धडधाकट दिसत होत्या आणि आजारी पडत होती ती माणसं. हेलसिंकीच्या राष्ट्रीय पशुवैद्यकीय संस्थेत काम करणाऱ्या एस्को नुर्मी यांना एक गोष्ट खटकत होती. मोठ्या कोंबडीच्या पोटात हा जंतू सहसा तग धरत नाही, मग पिल्लांमध्येच त्याचं एवढं कसं फावतं? एक दिवसाच्या पिल्लाला साल्मोनेलाच्या अगदी मोजक्या पेशी पुरतात आणि पुढे वय वाढेल तसा त्याचा प्रतिकार वाढतो, हे अमेरिकेत मिल्नर आणि शॅफर यांनी १९५२ मध्येच नोंदवलं होतं. पण पिल्लात वयाबरोबर नेमकं काय वाढतं, याचा उलगडा व्हायचा होता.

नुर्मी आणि त्यांचे सहकारी राण्टाला यांनी जे केलं ते आज ऐकतानाही अनेकांना किळस येईल. निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या अन्नपिशवीतला आणि आतड्यातला ऐवज काढून त्यांनी तो एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजला. मग त्याच पिल्लांना साल्मोनेला दिला. ज्यांना काहीच पाजलं नव्हतं त्या पिल्लांच्या पोटात साल्मोनेलानं घर केलं. पाजलेल्यांपैकी बहुतेक वाचली. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये हा निबंध आला आणि कुक्कुटशास्त्रात 'नुर्मी संकल्पना' हे नाव रूढ झालं. पिल्लाच्या शरीरात कोणतं औषध गेलं नव्हतं की लस गेली नव्हती. गेले होते ते मोठ्या कोंबडीच्या पोटातले रहिवासी.

त्याच १९७१ साली आपल्याकडे बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे देशातल्या कुक्कुट उद्योगाचं एक मुख्य ठाणं झालं आणि १९८२ मध्ये अंड्यांच्या भावासाठी एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) उभी राहिली. हा योगायोगच, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पिल्लू आणि कोंबडी यांची ताटातूट आपल्याकडे ज्या काळात कारखान्याच्या प्रमाणावर सुरू झाली, त्याच काळात त्या ताटातुटीचा एक परिणाम उत्तर युरोपात प्रयोगशाळेत मोजला जात होता.

हॅचरीत अंडं १८ दिवस सेटरमध्ये आणि शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये असतं. त्याआधी त्याला फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी मिळते. कवचावरचे रोगजंतू मरावेत म्हणून हे आवश्यकच आहे, पण या धुरीला चांगला-वाईट भेद कळत नाही. सगळी अंडी एका तासात फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं पिल्लू यांच्यात दिवसाचं, कधी त्याहून जास्त अंतर पडतं. मग निवड, मरेक्सची लस, खोक्यात भरणं, गाडी, टोलनाके. पोटातल्या पिवळ्या बलकाच्या शिदोरीवर पिल्लू दोन-तीन दिवस जगू शकतं, म्हणूनच हा सगळा प्रवास शक्य होतो. ते शेडवर उतरतं तेव्हा गुळाचं पाणी तयार असतं, ब्रूडर तापलेला असतो, तुसावर कागद अंथरलेला असतो. नसते ती फक्त कोंबडी.

परसात खुडूक बसलेल्या कोंबडीखाली पिल्लू फुटतं तेव्हा त्याची पहिली चोच तिच्या पिसांना, तिच्या विष्ठेला आणि खुराड्यातल्या मातीला लागते. तिच्यामागून उकिरडा उकरताना ते जे टिपतं त्यात दाण्यांइतकाच जंतूंचाही वाटा असतो. कोंबडीची विष्ठा दोन प्रकारची असते, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं: एक नेहमीची, पांढऱ्या टोकाची, दुसरी अधूनमधून पडणारी, चॉकलेटी, चिकट आणि जास्त उग्र वासाची. ही दुसरी सीकममधून येते. सीकम म्हणजे लहान आतडं संपतं तिथे फुटलेल्या दोन बंद पिशव्या. त्यांच्यातल्या एका ग्रॅम ऐवजात १०० अब्जांपर्यंत जिवाणू असू शकतात. पिल्लाला आईकडून मिळणारा खरा वारसा तिथला. (गावरान कोंबडीचं फार कौतुक करायचंही कारण नाही. मानमोडीनं, मुंगसानं आणि घारीनं तिची किती पिल्लं जातात, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही विचारा.)

हे जंतू पिल्लाला वाचवतात कसे? सगळ्यात सोपा भाग जागेचा. एसटी फलाटावर लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे हे जंतू आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या जागा धरतात. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू अन्नपिशवीच्या पेशींना अक्षरशः चिकटून बसतात. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या संस्थेत रॉय फुलर यांनी १९७० च्या दशकात हे कोंबड्यांवरच दाखवलं. प्रोबायोटिकची पुढे जगभर उद्धृत झालेली १९८९ ची व्याख्या याच फुलर यांची आहे, आणि ती करताना त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, जनावराचं खाद्य होतं. दह्याच्या जाहिराती नंतर आल्या.

जागेपाठोपाठ खाण्याचा प्रश्न येतो. आतड्यात जी साखर, जी अमिनो आम्लं उरतात ती आधीच्या रहिवाशांनी संपवली की नव्यानं आलेला उपाशी राहतो. लॅक्टिक आम्लामुळे आम्लता वाढते आणि ती साल्मोनेला व ई. कोलाय यांना मानवत नाही. काही जंतू प्रतिस्पर्ध्याला मारणारी प्रथिनंही सोडतात. एवढं सांगून बहुतेक माहितीपत्रकं थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती दाहाची आहे.

बाहेरून जंतू आला की आतड्याचं अस्तर त्याला ओळखतं, धोक्याचा इशारा देतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात. पक्ष्यांमध्ये या पहिल्या फळीच्या पेशींना हेटेरोफिल म्हणतात. त्या दाहक रसायनं सोडतात, अस्तर सुजतं, पेशी मरतात, नव्या बनतात. ही लढाई फुकट होत नाही. ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन-अडीच किलोचा करायचा असतो, त्यामुळे त्याच्या खाद्यातला प्रत्येक घास हिशोबाचा. दाहावर खर्च झालेली ऊर्जा आणि प्रथिनं मांसात उतरत नाहीत. शिवाय आजारी पक्षी खातोही कमी. पक्षी मरत नाहीत, पण वजन भरत नाही, एफसीआर (किलोभर वजनासाठी लागणाऱ्या खाद्याचं प्रमाण) बिघडतो आणि लॉट निघाल्यावर कागदावर नफा दिसत नाही. या प्रकारामागे पुष्कळदा न दिसलेला, रेंगाळलेला दाह असतो.

दाहानं साल्मोनेलाचं नुकसान व्हावं, अशी आपली सरळ समजूत. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील आंद्रेयास बॉयम्लर यांच्या गटानं ती उलटी केली. त्यांचे प्रयोग उंदरांवरचे होते. दाह झालेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी जी तीव्र ऑक्सिडीकारक रसायनं सोडतात त्यांच्यामुळे तिथल्या गंधकयुक्त संयुगापासून टेट्राथायोनेट बनतं. आतड्यातले बहुतेक कायमचे रहिवासी त्याचा काही उपयोग करू शकत नाहीत. साल्मोनेला मात्र ऑक्सिजनऐवजी त्यावर श्वसन करतो. म्हणजे हा जंतू मुद्दाम आग लावतो, कारण त्या धुरात फक्त त्यालाच श्वास घेता येतो. दाह हा त्याच्यासाठी अपघात नाही, डाव आहे. हे कळल्यावर 'जंतू मारा' एवढ्यानं भागत नाही. दाह आटोक्यात ठेवणं हाच जंतूला उपाशी ठेवण्याचा मार्ग ठरतो.

इथे ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल कामाला येतं. सीकममधले काही जिवाणू तंतुमय पदार्थ आणि दुसऱ्यांनी बनवलेलं लॅक्टिक आम्ल आंबवून ते तयार करतात. अस्तराच्या पेशींचं ते आवडतं इंधन. ते जाळताना या पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन पोहोचत नाही. आणि ऑक्सिजन नाही म्हणून सज्जन, ऑक्सिजनला घाबरणारे जिवाणू तिथे सुखानं नांदतात. ब्युटिरेट दाहाचे इशारेही मंदावतं आणि पेशींमधले सांधे घट्ट ठेवतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या फिलिप व्हान इमर्सील आणि रिचर्ड ड्युकाटेल यांच्या गटानं आवरण दिलेलं ब्युटिरेट खाद्यातून दिल्यावर कोंबड्यांच्या सीकममधला साल्मोनेला कमी होतो हे दाखवलं. पुढे त्याच गटानं ब्रॉयलरच्या सीकममधून ब्युटिरिसिकॉकस पुलिसीकोरम नावाचा नवाच जिवाणू वेगळा काढला. तो स्वतःच ब्युटिरेट बनवतो.

हा दाह किती महाग पडतो, याचा धडा नेक्रोटिक एंटरायटिसनं दिला. या रोगात आतड्याचं अस्तर सडतं आणि खरबरीत टर्किश टॉवेलसारखं दिसू लागतं. करणारा जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, जो निरोगी पक्ष्याच्या पोटातही थोडाफार असतोच. रक्ती हगवणीच्या परजीवीनं अस्तर आधी खरवडलं, किंवा खाद्यात फिशमीलसारखी प्रथिनं जास्त झाली की त्याला खायला मिळतं आणि तो उसळतो. त्याचं नेटबी हे विष ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ओळखलं. या एका रोगाचं जगभरातलं वार्षिक नुकसान २०१५ मध्ये सुमारे ६ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्यातला मोठा भाग मेलेल्या पक्ष्यांचा नाही, न वाढलेल्या पक्ष्यांचा आहे.

हा रोग अनेक वर्षं दबून होता, कारण खाद्यातच अँटिबायोटिक असे. त्या सवयीच्या मुळाशी एक भारतीय नाव जवळून जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधन संचालक येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या कारकिर्दीत बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक शोधलं. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. त्यानंतर तिथल्याच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी या औषधाच्या उत्पादनातून उरलेला चोथा ब-१२ जीवनसत्त्वासाठी पिल्लांना घातला आणि पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. १९५१ मध्ये अमेरिकेत खाद्यात अँटिबायोटिक घालायला परवानगी मिळाली. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या कोंबड्यांनी औषध चिठ्ठीशिवाय खाल्लं.

पिल्लं का वाढली, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मारी कोट्स यांनी १९६३ मध्ये रेडिंगला पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना पेनिसिलिन दिलं. त्यांच्या वाढीत काही फरक पडला नाही. जंतूंसह राहणाऱ्या पिल्लांना दिलं तेव्हाच फरक पडला. (त्या प्रयोगाच्या लेखकांत रॉय फुलरही होते.) २००७ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या थियो निवोल्ड यांनी धाडसी अंदाज मांडला: एवढ्या अल्प मात्रेत अँटिबायोटिक जंतू फारसे मारतच नसावं, ते पांढऱ्या पेशींत साठून दाह मंद करत असावं, आणि वाढ त्यातून मिळत असावी. हा अंदाज सगळ्यांना मान्य नाही. पण तो खरा असेल तर सत्तर वर्षं आपण दाह कमी करण्यासाठी प्रतिकारक्षम जंतू पैदा करत आलो, असा त्याचा अर्थ होतो.

ती पैदास झालीच. ब्रिटनच्या स्वान समितीनं १९६९ मध्येच सावध केलं होतं. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिकं बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. पंजाबातल्या १८ पोल्ट्री फार्मवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रॉयलर पक्ष्यांच्या नमुन्यांतल्या ८७ टक्के ई. कोलाय जंतूंमध्ये अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांना निष्प्रभ करणारं विकर सापडलं. अंड्यांच्या कोंबड्यांत ते प्रमाण ४२ टक्के होतं. त्याआधी २०१४ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटनं राजधानी परिसरातून घेतलेल्या चिकनच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले होते. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांना वापरायला बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये.

दार बंद झालं की खिडकी शोधली जाते. युरोपात बंदीनंतर काही काळ नेक्रोटिक एंटरायटिस डोकं वर काढू लागला आणि प्रोबायोटिकचा बाजार फुगला. आता त्या पाकिटात असतं काय ते पाहू.

नुर्मींच्या मूळ मिश्रणात कोणकोणते जंतू होते याची यादी नव्हती. कोंबडीच्या पोटातलं सगळं होतं. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात तसं व्यापारी मिश्रण बाजारात आलं. परवाना देणाऱ्यांना मात्र यादी हवी असते, आणि त्यांचं चुकत नाही, कारण अशा रश्शात एखादा रोगजंतूही लपू शकतो. टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन येथील अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेनं २९ ज्ञात जिवाणूंचं मिश्रण तयार केलं आणि १९९८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ते हॅचरीतच पिल्लांच्या अंगावर फवारायचं. पिल्लं एकमेकांची पिसं टोचतात आणि जंतू पोटात जातात. खुडूक कोंबडीचं काम फवारणी यंत्रानं करावं, ही कल्पना मला फार आवडते. पण २९ जंतू, त्यांतले कित्येक ऑक्सिजन लागताच मरणारे, दर खेपेस सारख्याच प्रमाणात वाढवायचे, हे खर्चाचं आणि कटकटीचं काम.

म्हणून बाजार सोप्या वाटेनं गेला. आज विकली जाणारी बहुतेक पाकिटं बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस, एंटरोकॉकस आणि यीस्ट यांच्याभोवती फिरतात. बॅसिलस सबटिलिससारखे जंतू बीजाणू बनवतात. खाद्याच्या गोळ्या पाडताना ८०-९० अंशांची वाफ लागते ती ते सोसतात, गोदामात महिनोन्‌महिने टिकतात. त्यांचे काही प्रकार क्लॉस्ट्रिडियमविरुद्ध चांगलं काम करतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. त्यांची उपयुक्तता मी नाकारत नाही. पण ते वाटसरू आहेत. खाद्यातून रोज दिले तर रोज असतात, थांबवले की काही दिवसांत जातात.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत इव्हान रिखलिक यांच्या गटानं २०१९ मध्ये साधा प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांजवळ मोठी कोंबडी ठेवली. २४ तासांचा सहवास पुरेसा ठरला. पिल्लांच्या सीकममध्ये जे जंतू तिच्याकडून येऊन खरोखर वस्तीला राहिले त्यांत बॅक्टेरॉइड्सच्या कुळातले मुख्य होते. लॅक्टोबॅसिलस तिथे टिकणाऱ्यांच्या यादीत नव्हते. थोडक्यात, जे सीकममध्ये राहतात ते पाकिटात भरणं अवघड आणि जे पाकिटात भरणं सोपं ते सीकममध्ये राहत नाहीत. गेंटचा ब्युटिरेटवाला जिवाणूही याच कारणानं शेतकऱ्यापर्यंत सहज पोहोचत नाही. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि विक्रेत्यांच्या सभांमध्ये ती सांगितली जात नाही.

प्रोबायोटिकच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याला आणखी एक कारण आहे. विद्यापीठाच्या स्वच्छ, नव्या तुसाच्या, विरळ भरलेल्या शेडमध्ये रोखण्यासारखा रोगच नसतो. तिथे प्रोबायोटिक निरुपयोगी ठरतं. घाणीत ठेवलेल्या कळपात तेच उठून दिसतं. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत तर कुठेही भरवशाचा विजय मिळालेला नाही. तो जंतू कोंबडीच्या पोटात जवळजवळ पाहुण्यासारखा राहतो आणि त्रास देतो तो माणसाला.

रिकामी जागा धोक्याची, याची एक मोठी कथा ब्रिटनमध्ये घडली. १९८८ च्या डिसेंबरात आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातल्या अंड्यांत साल्मोनेला असल्याचं जाहीर विधान केलं. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. तो जंतू होता साल्मोनेला एंटरायटिडिस. त्याआधीच्या दशकांत पाश्चात्त्य देशांनी कोंबड्यांना मारणारा साल्मोनेला गॅलिनेरम आपल्या कळपांतून निपटून काढला होता. याच बॉयम्लर यांनी पुढे असा तर्क मांडला की गॅलिनेरमनं सोडलेली जागा एंटरायटिडिसनं घेतली. तर्क सर्वमान्य नसला तरी नुर्मींच्या पिल्लांशी त्याचं नातं जुळतं.

आता आपल्याकडे येऊ. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या आणि इतर कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांतले सुमारे ७ कोटी ४३ लाख महाराष्ट्रात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सांगली, सातारा, रायगड या पट्ट्यांत बहुतेक ब्रॉयलर करार पद्धतीनं वाढतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची; शेड, वीज, तूस, मजुरी शेतकऱ्याची. लॉट निघाल्यावर किलोमागे पालनखर्च मिळतो आणि तो एफसीआर व मरतूक यांवर ठरतो. याचा अर्थ, पिल्लाच्या पोटाबद्दलचे महत्त्वाचे निर्णय शेतकऱ्याच्या हातात नाहीत. हॅचरीत फवारणी झाली की नाही हे त्याला माहीत नसतं. खाद्यात बॅसिलस आहे का, हे गोणीवरच्या चिठ्ठीवरून कळेलच असं नाही. सुपरवायझर देऊन जातो ती पुडी तो टाकीत ओततो.

आणि ओततो कधी? बहुतेक वेळा विष्ठा पातळ झाल्यावर, तूस ओला झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर जागा गेलेली असते. नुर्मींच्या प्रयोगाचा गाभाच असा की चांगले जंतू रोगजंतूच्या आधी पोहोचले पाहिजेत. टाकीत क्लोरीन असेल तर जंतू पाण्यातच मरतात. मानमोडीवरची लासोटा लस पाजताना पाण्यात दूध पावडर घालायची, क्लोरीन टाळायचं, हे आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. तोच नियम जिवंत जिवाणूंना लागतो हे मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं. त्याहून विचित्र म्हणजे सकाळच्या पाण्यात प्रोबायोटिक आणि दुपारच्या पाण्यात अँटिबायोटिक. विकत घेतलेले जंतू विकत घेतलेल्या औषधानं मारायचे, असा हा उद्योग.

ऊन हा आपल्याकडचा वेगळा शत्रू. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचं तापमान मुळात ४१ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मे महिन्यांत ती धापा टाकते, रक्त त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी पडतं आणि पेशींमधले सांधे सैल होतात. जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि दाह पेटतो. पाणी पिणं वाढतं, विष्ठा पातळ होते, तूस भिजतो, अमोनिया वाढतो. अशा वेळी गोणपाटाचे ओले पडदे, फॉगर, पंखे आणि पहाटेचं खाद्य यांनी पोट जितकं सावरतं तितकं कोणत्याही पुडीनं सावरत नाही. पावसाळ्यात ओलसर मका आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हा आतड्याला आणि यकृताला बसणारा दुसरा फटका.

या सगळ्या गुंत्यात एक अवयव मला नेहमी आठवतो, गुदद्वाराजवळची फॅब्रिशियसची पिशवी. ओहायोत शिकणाऱ्या ब्रूस ग्लिक यांनी ती काढून टाकलेल्या कोंबड्या एका सहाध्यायी शिक्षकाला प्रात्यक्षिकासाठी दिल्या, आणि त्या कोंबड्यांनी प्रतिपिंडंच बनवली नाहीत. 'सायन्स'नं नाकारलेला तो निबंध १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापला गेला. माणसाच्या रक्तातल्या बी-पेशींचं ज्ञान तिथून सुरू झालं. ही पिशवी आतड्याकडे उघडते आणि तिथल्या जंतूंचे नमुने आत ओढून घेते. शत्रू कोण आणि शेजारी कोण, याची ओळख पिल्लाचं शरीर पहिल्या आठवड्यांत करून घेतं. गंबोरोचा विषाणू नेमका याच पिशवीवर घाव घालतो. गंबोरोची लस चुकवून प्रोबायोटिकवर पैसे घालवणारा शेतकरी त्यामुळे दोन्हीकडून बुडतो.

जिवाणू विकत घ्यायचे तर त्यांचीही झडती हवी. एंटरोकॉकससारखे काही जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देऊ शकतात. अशाच जनुकांच्या कारणावरून युरोपीय संघानं २०१३ मध्ये बॅसिलस सेरियस प्रकारातल्या एका खाद्य-जंतूचा परवाना स्थगित केला. अँटिबायोटिकला पर्याय म्हणून आणलेल्या पुडीतूनच प्रतिकार पसरला तर हसावं की रडावं! आपल्या बाजारातल्या पुष्कळ पुड्यांवर जिवाणूची जात लिहिलेली असते, पण नेमका वाण लिहिलेला नसतो. आणि एका जातीचे दोन वाण अगदी वेगळे वागतात.

मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे. आपल्या गावरान कोंबड्यांच्या सीकममधले टिकाऊ जंतू वेगळे काढून, तपासून, त्यांचं मिश्रण हॅचरीच्या फवाऱ्यापर्यंत नेण्याचं काम अशा संस्थांनी मोठ्या प्रमाणावर अंगावर घ्यावं, आणि करारातल्या कंपन्यांनी फवारणीची नोंद पिल्लांच्या चलनावर शेतकऱ्याला द्यावी, एवढी मागणी तरी पोल्ट्री संघटनांनी करायला हवी.

तोवर शेडवाल्या वाचकांना एक सांगणं. पुडी हातात आली की विचारा: यातला वाण कोणता, एका ग्रॅममध्ये जिवंत जंतू किती आणि ते कोणत्या तारखेपर्यंत जिवंत राहतील, पहिल्या दिवशी द्यायचे की नाही. उत्तरं मिळाली तर क्लोरीन नसलेल्या पाण्यातून, पिल्लं उतरल्या दिवसापासून, अँटिबायोटिक बंद ठेवून द्या. उत्तरं मिळाली नाहीत तर त्या पैशाचा कोरडा तूस आणा.